वाचकांचे प्रश्न : कृत्रिम पाय आणि चालण्याची लय

कृत्रिम पायांविषयी कोकणपट्टीतून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे विस्तृत होती. येथे प्रश्नाचा गाभा तेवढा ठेवला आहे. मी यंत्र अभियंता आहे आणि कृत्रिम अवयवांच्या कार्यशाळेत तंत्रज्ञांबरोबर काम केलेले आहे. जखम, रक्तातील साखर आणि औषधे यांबाबत मात्र आपापल्या डॉक्टरांचाच शब्द प्रमाण मानावा.

प्रश्न (दापोली तालुक्यातील एक वाचक) : मधुमेहामुळे माझ्या वडिलांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कृत्रिम पाय बसवून काही महिने झाले. अंगणात ते बरे चालतात. पण आमचे घर पाखाडीच्या वरच्या टोकाला आहे आणि उतरताना गुडघा आपोआप पुढे ढकलला जातो, पडेन असे वाटते, असे ते सांगतात. पाय हलक्या प्रतीचा मिळाला असेल का?

उत्तर : पाय हलक्या प्रतीचा असेलच असे नाही. आपण सांगितलेल्या त्रासाचे मूळ बहुधा टाचेत आणि जुळणीत असावे. आपला नैसर्गिक पाय उतारावर टेकतो तेव्हा आधी टाच लागते आणि मग नडगीच्या पुढच्या अंगाचा स्नायू पाऊल हळूहळू खाली सोडतो. त्यामुळे चवडा आपटत नाही, तळवा उताराशी मिळून येतो आणि तोवर नडगी जवळजवळ उभीच राहते. कृत्रिम पावलाचा घोटा वळणारा नसेल तर हे काम करायला तेथे कोणीच नसते. तळवा टेकायचा तर पाऊल आणि नडगी एकसंध असल्यामुळे सबंध नडगीच पुढे झुकते आणि तिच्याबरोबर गुडघाही पुढे जातो. सपाट अंगणात हा झुकाव थोडा असतो आणि मांडीचे स्नायू तो सावरून घेतात; उतारावर तो एकदम वाढतो.

यावर पहिला समाधानकारक उपाय 1950 च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील अभियंत्यांनी काढला. त्यांच्या ‘सॅच’ पावलात घोटा घट्टच ठेवलेला असतो, आत लाकडी कणा असतो आणि टाचेत मऊ रबराची पाचर असते. टाचेवर भार आला की पाचर दबते, चवडा खाली येतो आणि घोटा वळल्यासारखा परिणाम साधतो. एकही हलता भाग नसताना सांध्याचे काम करून घेणारी ही रचना मला आजही फार मोलाची वाटते. मात्र ती बुटाबरोबर वापरण्यासाठी केलेली आहे. अनवाणी चालणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे या गोष्टी तिच्या हिशेबात नव्हत्या. 1960 च्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी ही उणीव भरून काढली. जयपूर फूटमध्ये टाच आणि चवडा यांच्या जागी सूक्ष्म छिद्रे असलेल्या रबराचे ठोकळे असतात, घोट्यापाशी लाकडाचा ठोकळा असतो आणि या सगळ्यावर रबराचे आवरण साच्यात घालून, तापवून पक्के केलेले असते. हे पाऊल सर्व दिशांना थोडेथोडे वाकते. पाखाडीचा जांभा दगड कधीच सपाट नसतो. त्याच्या उंचसखलपणावर कडेने टेकलेले पाऊल आडवे वळू शकले नाही, तर तो पीळ थेट सॉकेटमधून, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या कोषातून, कातडीवर येतो.

आता वडिलांच्या पायात काय पाहावे ते सांगतो. पहिली गोष्ट पादत्राणाची. कृत्रिम पायाची जुळणी टाचेची एक ठरावीक उंची धरून केलेली असते. वडिलांची जुळणी अनवाणी केली असेल आणि बाहेर जाताना ते जाड टाचेची चप्पल घालत असतील, तर टाच केवळ एक सेंटिमीटर वर गेल्याने नडगी सुमारे तीन अंशांनी पुढे झुकते. हा झुकाव आणि उताराचा झुकाव यांची बेरीज होते, आणि अंगणात अनवाणी बरा चालणारा माणूस पाखाडीवर धडपडतो. आपल्याकडे घरात अनवाणी आणि बाहेर चपला हा रोजचाच रिवाज असल्यामुळे तंत्रज्ञाला हे आवर्जून सांगावे, आणि रोजची चप्पल बरोबर न्यावी. टाचेला व चवड्याला सारख्याच जाडीचा सपाट तळ असलेली चप्पल सर्वांत बरी.

दुसरी गोष्ट टाचेच्या कडकपणाची. टाच कडक असेल तर ती दबत नाही आणि गुडघ्याला धक्का बसतो. फार मऊ असेल तर चवडा आपटतो आणि पुढे जाताना पाय खड्ड्यात गेल्यासारखा वाटतो. वडिलांचे वजन आणि चालण्याचा वेग पाहून टाच निवडावी लागते. तिसरी गोष्ट सॉकेटच्या कलाची. गुडघ्याखालच्या पायात सॉकेट साधारण पाच अंश पुढे कललेले ठेवतात, म्हणजे भार गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर नीट येतो. हा कोन आणि पावलाची मागेपुढे असलेली जागा आटे फिरवून बदलता येते. तंत्रज्ञाने माणसाला प्रत्यक्ष चालवून, शक्य असल्यास उतारावर चालवून, ही जुळणी करायला हवी. कार्यशाळेच्या गुळगुळीत फरशीवर दोन समांतर दांड्यांमध्ये केलेली जुळणी पाखाडीला पुरेलच असे नाही, आणि या बाबतीत आग्रह धरणे हा आपला हक्क आहे.

तोवर उतरताना कृत्रिम पाय आधी खाली ठेवावा आणि चढताना चांगला पाय आधी वर टाकावा. पावसाळ्यात पाखाडीला शेवाळ धरते तेव्हा काठी कृत्रिम पायाच्या विरुद्ध हातात, म्हणजे वडिलांच्या बाबतीत डाव्या हातात, असावी. मधुमेहामुळे कातडीची संवेदना कमी झालेली असू शकते. म्हणून रोज रात्री कृत्रिम पाय काढल्यावर उरलेला पाय आरशात पाहून तपासावा; दहा-पंधरा मिनिटांत न ओसरणारी लाली म्हणजे तेथे सॉकेट रुतत आहे असे समजून दुसऱ्या दिवशी पाय न घालता कृत्रिम अवयव केंद्राकडे जावे.

प्रश्न (रत्नागिरीतील एक तंत्रनिकेतन विद्यार्थी) : गुडघ्याच्या वर पाय गेलेल्या व्यक्तीसाठी कृत्रिम गुडघा हा विषय आम्ही प्रकल्पासाठी घेतला आहे. बिजागरीसारखा एकच आस पुरेसा असताना चार दांड्यांची गुंतागुंत कशासाठी करतात? आमच्या कार्यशाळेत असा गुडघा करता येईल का?

उत्तर : आपला प्रश्न या विषयाच्या मर्माला हात घालणारा आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो. चालण्याच्या एका आवर्तनात, म्हणजे एकाच पायाची टाच टेकल्यापासून ती पुन्हा टेकेपर्यंत, पाय सुमारे 60 टक्के वेळ जमिनीवर आणि सुमारे 40 टक्के वेळ हवेत असतो. जमिनीवर असताना त्याच्यावर शरीराच्या वजनाहून थोडा अधिकच भार येतो, आणि त्या वेळी गुडघा दुमडता कामा नये. पाय हवेत जाताच तोच गुडघा सुमारे 60 अंश वाकला पाहिजे. नाही तर चवडा जमिनीला अडतो. नैसर्गिक चालीतही चवडा जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटरच वरून जातो. एका क्षणी खांबासारखे ठाम उभे राहणे आणि पुढच्या अर्ध्या सेकंदात मोकळे होऊन झुलणे, हीच कृत्रिम गुडघ्याची खरी परीक्षा आहे. दिसायला हुबेहूब असलेला पाय या वेळेत चुकला तर चाल अवघडच दिसते, आणि वेळ साधणारा ओबडधोबड पायही माणसाला सहज चालवतो.

एका आसाच्या गुडघ्यात काय होते ते पाहू. जमिनीकडून येणाऱ्या बलाची रेषा गुडघ्याच्या आसाच्या पुढून गेली तर ती गुडघा सरळ दाबून ठेवते, मागून गेली तर गुडघा दुमडते. म्हणून सुरक्षिततेसाठी आस त्या रेषेच्या मागे ठेवावा लागतो. परंतु जितका मागे ठेवावा तितका गुडघा पाऊल उचलताना वाकायला नाखूश होतो, आणि माणसाला कंबर उचलून किंवा पाय बाहेरून गोल फिरवून टाकावा लागतो. पुढे आणावा तर खड्ड्यात पाय पडताच गुडघा घात करतो. आस एकच आणि तोही जागचा न हलणारा, त्यामुळे या दोन मागण्यांत काही मिलिमीटरची तडजोड करण्यापलीकडे संकल्पकाच्या हाती फारसे उरत नाही. काही गुडघ्यांना चालताना कुलूप लावून ठेवतात. ते सुरक्षित असते, पण चाल ताठर होते.

फोर-बार लिंकेजमध्ये मांडीचा भाग हा एक दांडा, नडगीचा भाग दुसरा आणि त्यांना जोडणारे पुढचा व मागचा असे आणखी दोन दांडे असतात. पुढच्या आणि मागच्या दांड्यांच्या रेषा वर वाढवल्या तर त्या जेथे छेदतात, तो बिंदू म्हणजे त्या क्षणीचे भ्रमणकेंद्र. हा बिंदू यंत्रात कोठेही खिळ्याने ठोकलेला नसतो, गुडघा वाकेल तसा तो सरकतो, आणि सगळी खुबी याच सरकण्यात आहे. गुडघा सरळ असताना केंद्र उंच, मांडीच्या भागात आणि भाररेषेच्या मागे असते, त्यामुळे गुडघा ठाम राहतो. केंद्र उंच असल्यामुळे ते खुब्याच्या जवळ येते, आणि खुब्याचे स्नायू कमी ताकदीत गुडघ्यावर ताबा ठेवू शकतात. पाऊल उचलण्याची वेळ आली की थोड्याशा वाकण्यानेच केंद्र झपाट्याने खाली आणि पुढे उतरते व गुडघा सुटतो. शिवाय वाकताना नडगी थोडी मागे-वर ओढली जाते, पायाची परिणामी लांबी कमी होते आणि चवड्याला अधिक मोकळीक मिळते. निसर्गाच्या गुडघ्यालाही एकच स्थिर आस नाही. आतल्या फुलीसारख्या दोन अस्थिबंधांमुळे त्याचे केंद्रही सरकते. तरीही फोर-बार गुडघा ही त्याची नक्कल मानू नये. मांडीचे स्नायू जे काम करतात ते भूमितीकडून करून घेण्याची ती युक्ती आहे.

बर्कलीच्या चार्ल्स रॅडक्लिफ यांनी या भूमितीचा पद्धतशीर अभ्यास मांडला. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी जयपूर फूट संस्थेसाठी याच तत्त्वावर तेल मुरवलेल्या नायलॉनचा स्वस्त गुडघा तयार केला. 2009 मध्ये ‘टाइम’ने त्या वर्षीच्या उत्तम शोधांत त्याचा समावेश केला. तेल नायलॉनमध्येच मुरलेले असल्यामुळे सांध्याला वेगळे वंगण लागत नाही. आयआयटी मद्रासच्या केंद्राने 2022 मध्ये आणलेला ‘कदम’ हा गुडघाही अनेककेंद्री, म्हणजे सरकत्या केंद्राचा, आहे आणि तो 160 अंशांपर्यंत वाकतो. बसच्या अरुंद आसनावर बसणाऱ्याला याचे मोल विचारावे.

भार पेलण्याइतकाच महत्त्वाचा, पण विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत नेहमी दुर्लक्षित राहणारा भाग म्हणजे पाय हवेत असतानाची गती. ओटीवरचा झोपाळा जसा आपल्या ठरावीक वेळेनेच मागेपुढे जातो, तशी गुडघ्यापासून लोंबणारी नडगीही स्वतःच्या लयीने झुलते. माणूस त्या लयीपेक्षा वेगाने चालू लागला की टाच मागे फार वर उडते, नडगी उशिरा परत येते आणि शेवटी खाडकन आपटते. म्हणून सांध्यात घर्षण, हवेचा दट्ट्या किंवा तेलाचा दट्ट्या घालतात आणि नडगी परत आणायला स्प्रिंग देतात. घर्षण वेग पाहून बदलत नाही, त्यामुळे ते एकाच चालीला जुळते. तेल मात्र बारीक छिद्रातून जितक्या वेगाने ढकलावे तितका विरोध वाढवते, म्हणून हळू आणि भरभर अशा दोन्ही चालींना ते आपोआप जुळवून घेते. अभियंते टॅड मॅकगीर यांनी 1990 मध्ये मोटार किंवा नियंत्रक नसलेले सांगाडे केवळ सौम्य उतारावर सोडून माणसासारखे चालवून दाखवले. लांबी, वस्तुमान आणि पावलाची गोलाई योग्य असेल तर चालण्याची बरीचशी लय त्यातूनच येते, हे त्या प्रयोगाने स्पष्ट झाले. पावलाच्या गोलाईची त्रिज्या पायाच्या लांबीच्या साधारण तीन-दशांश असावी, हे मापही आपल्या वहीत टिपून ठेवावे.

आता आपल्या कार्यशाळेविषयी. प्रथम प्लायवूडच्या पट्ट्या आणि खिळे घेऊन यंत्रणा पूर्ण मापात फळीवर मांडा, दर पाच अंशांना भ्रमणकेंद्राची खूण करा आणि त्या खुणांची वाट कागदावर उमटू द्या. दांड्यांच्या टोकांच्या जागा दोन-दोन मिलिमीटरने बदलून ती वाट कशी बदलते ते पाहा. संगणकावर हे काही क्षणांत होते. पण हाताने केल्यावर जे उमगते ते वेगळे असते, असे माझे ठाम मत आहे. त्यानंतर नायलॉन किंवा अॅल्युमिनियमचा नमुना लेथ आणि मिलिंग यंत्रांवर सहज करता येईल. बुशांमधील ढिलाई हा मुख्य शत्रू समजावा. प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई राहिली तरी सरळ स्थितीतील केंद्राची जागा अनिश्चित होते, आणि सुरक्षितता तर त्या जागेवरच अवलंबून आहे. मजबुतीच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे आयएसओ 10328 मध्ये, 60, 80 आणि 100 किलोच्या व्यक्तींसाठी भाराच्या वेगवेगळ्या पातळ्या दिल्या आहेत आणि नमुन्याला 30 लाख वेळा भार देऊन पाहावा लागतो. दिवसाला एका पायाची तीन हजार पावले धरली तर हा हिशेब पावणेतीन वर्षांच्या आसपास जातो. ही चाचणी होईपर्यंत आणि केंद्रातील तंत्रज्ञ समोर उभा असल्याशिवाय आपला नमुना कोणाही माणसाच्या पायाला बांधू नका. फळीवरचे प्रात्यक्षिक आणि मोजमापे एवढाही प्रकल्प पूर्ण आणि मानाचा होईल.

प्रश्न (वेंगुर्ल्यातील एक वाचक) : कृत्रिम पाय जितका हलका तितका चांगला, हे खरे का?

उत्तर : बऱ्याच अंशी खरे, पण वजन किती यापेक्षा ते कोठे आहे हे अधिक पाहावे. साठ किलोच्या माणसाची गुडघ्याखालची नडगी आणि पाऊल मिळून साडेतीन किलोच्या आसपास भरतात. कृत्रिम पाय बहुतेक वेळा त्याहून हलकाच असतो, तरी तो जड वाटतो. कारण आपला पाय हाडाला आणि स्नायूंना जोडलेला असतो, कृत्रिम पाय कातडीवरून लोंबतो. सॉकेट सैल असेल तर प्रत्येक पावलाला तो किंचित खाली ओघळतो आणि जडपणा वाढतो. पट्टा किंवा लायनर, म्हणजे आतले मऊ अस्तर, नीट बसवल्यावर तोच पाय हलका वाटू लागतो. झुलवायला लागणारी ताकद अंतराच्या वर्गाने वाढते, म्हणून गुडघ्याजवळचे दोनशे ग्रॅम वाचवण्यापेक्षा पावलातले शंभर ग्रॅम वाचवणे अधिक फायद्याचे असते.

प्रश्न (मालवणजवळचा एक मच्छीमार) : माझा डावा पाय गुडघ्याखाली गेला आहे. पाय चांगला बसला आहे, पण पुन्हा होडीवर जायचे आहे. खारे पाणी, वाळू आणि ओली फळी यांत हा पाय टिकेल का? पाण्यात उतरल्यावर तो वर उचलला जातो, तोल जातो, त्याला काय करावे?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो धोक्याचा आहे. आपला पाय आतून पोकळ आणि बंद आहे, म्हणून तो पाण्यावर तरंगू पाहतो आणि कमरेइतक्या पाण्यात पाऊल तळाला टिकत नाही. नडगीच्या पोकळ भागाला खाली घोट्यापाशी आणि वर पोटरीच्या उंचीवर छिद्रे ठेवली की पाण्यात उतरताना पाणी आत शिरते, हवा वरच्या छिद्रातून निघून जाते आणि बाहेर आल्यावर पाणी खालून गळून जाते. पोहण्यासाठीच्या पायांत हीच योजना असते. परंतु छिद्रे आपण स्वतः पाडू नयेत. चुकीच्या जागी पडलेल्या छिद्रापासून तडा जातो. तंत्रज्ञाकडून योग्य जागी पाडून, कडा गोल करून घ्यावीत.

खाऱ्या पाण्याचा प्रश्न धातूंचा आहे. अॅल्युमिनियमच्या नळीला पोलादी स्क्रू आणि त्यांच्यामध्ये समुद्राचे पाणी अशी गाठ पडली की अॅल्युमिनियम झिजू लागते, पांढरी भुकटी धरते आणि स्क्रू जाम होतात. होडीवरच्या कामासाठी एचडीपीई या प्लास्टिकच्या पाइपापासून केलेला पाय मला अधिक पसंत आहे. पाण्याच्या नळासाठी वापरतात त्याच जातीचा हा पाइप भट्टीत तापवून मऊ करतात आणि प्लास्टरच्या साच्यावर ओढून बसवतात. सॉकेट आणि नडगी अखंड एकाच तुकड्याची होते, गंजायला धातू जवळजवळ नसतोच. त्याला खाली रबरी जयपूर फूट असला तर ओल्या फळीवर तळव्याची पकडही बरी मिळते. मात्र रबराला भेग पडली की पाणी आतल्या लाकडापर्यंत जाते आणि ठोकळा फुगतो, म्हणून तळवा दर आठवड्याला उलटा करून पाहावा.

किनाऱ्यावर परतल्यावर पाय काढून गोड्या पाण्याने आतबाहेर धुवावा आणि सावलीत वाळवावा. तापल्या कातळावर किंवा चुलीजवळ ठेवू नये, कारण प्लास्टिकचा आकार बिघडतो. सॉकेटमधले वाळूचे चार कणही दिवसभरात कातडी सोलतात. म्हणून कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत घालून होडीवर बरोबर न्यावेत आणि घाम किंवा पाणी लागले की बदलावेत. शक्य झाले तर समुद्रावरचा पाय आणि घरचा पाय असे दोन पाय ठेवावेत. जुना पाय दुरुस्त करून पहिल्या कामासाठी वापरता येतो.

प्रश्न (अलिबागमधील एक वाचक) : रेल्वे अपघातात माझ्या मुलाचा पाय गुडघ्याच्या वर गेला. संगणकाने चालणारा गुडघा घ्यावा असे विक्रेता सुचवतो. किंमत कित्येक लाखांत आहे. कर्ज काढावे का?

उत्तर : आपल्या पत्रातली घालमेल समजते, म्हणून स्पष्ट लिहितो. मायक्रोप्रोसेसर गुडघा, म्हणजे विक्रेता सुचवतो तो संगणकाचा गुडघा, पायाला ताकद देत नाही. तो योग्य क्षणी योग्य ब्रेक लावतो. 1997 मध्ये ओटो बॉक कंपनीने आणलेल्या ‘सी-लेग’मध्ये गुडघ्याचा कोन आणि नडगीवरचा भार यांची नोंद सेकंदाला पन्नास वेळा घेतली जात असे आणि त्यानुसार तेलाची झडप उघडली-मिटली जात असे. ठेच लागली तर असा गुडघा कडक होऊन माणसाला सावरतो, आणि जिना एकामागून एक पायऱ्यांनी उतरता येतो. मन सतत गुडघ्यात अडकून राहत नाही, हा लाभ खरोखर मोठा आहे. जिना चढताना किंवा धावताना नैसर्गिक पाय जी ऊर्जा घालतो ती मात्र त्यातून मिळत नाही. त्यासाठी मोटारीचे गुडघे आणि घोटे वेगळे असतात, आणि ते अधिक महाग व जड असतात.

तरीही माझा सल्ला असा, की कर्जाचा निर्णय आत्ता घेऊ नये. पहिल्या वर्षात उरलेल्या पायाचा आकार सतत आटत असतो आणि सॉकेट बदलावे लागते. सॉकेट नीट नसेल तर गुडघा कितीही हुशार असो, तो दुखऱ्या पायालाच जोडलेला राहतो. मुलाचे माप घेताना जवळ उभे राहून पाहा. तंत्रज्ञ मोज्यावर जांभळ्या कॉपिंग पेन्सिलने हाडाच्या दुखऱ्या कडा आणि भार सोसणाऱ्या जागा रेखतो. ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या की त्या खुणा आतल्या बाजूला उमटतात, आणि त्या साच्यात प्लास्टर ओतले की पुन्हा ठोकळ्यावर येतात. मग तो एके ठिकाणी कानशीने अर्धा सेंटिमीटर उतरवतो, दुसरीकडे प्लास्टरचा थर चढवतो. हे काम ज्याच्या हाताला साधले आहे अशा तंत्रज्ञाचा शोध घेणे ही आपली पहिली गुंतवणूक समजावी. मुंबईत हाजी अलीजवळची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था 1955 पासून आणि पुण्यातील लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून हे काम करीत आहे. तेथे दाखवून मत घ्यावे.

सध्या चांगला फोर-बार गुडघा घेऊन, खुब्याच्या आणि पोटाच्या स्नायूंचे व्यायाम करून, मुलाला वर्षभर चालू द्यावे. त्यानंतर तो भरभर चालू लागला, रोज गर्दीतून आणि जिन्यांवरून जाऊ लागला, तर मायक्रोप्रोसेसर गुडघ्याचा त्याला खरा उपयोग होईल. त्या वेळी विक्रेत्याकडून काही आठवडे वापरून पाहायला मागावा, आणि हमीची मुदत, दुरुस्ती कोठे होते, पाणी चालते का, पावसाळ्यात दोन दिवस वीज गेली तर बॅटरीवाचून गुडघा कसा वागतो, हे लेखी घ्यावे. सुधा चंद्रन यांनी 1981 च्या अपघातानंतर जयपूर फूटवर सराव करून 1984 मध्ये भरतनाट्यमचा रंगमंच पुन्हा गाठला, हे मुलाला जरूर सांगा. त्यांचा पाय गुडघ्याखाली गेलेला होता, म्हणून नेमकी तुलना होणार नाही. पण सरावाचे महत्त्व त्यातून कळेल.

प्रश्न (गुहागर तालुक्यातील एक शिक्षिका) : दुसरीतील एका मुलीला गुडघ्याखाली कृत्रिम पाय आहे. तिला खेळू द्यावे की जपावे? अलीकडे ती वाकडी चालते असे वाटते.

उत्तर : खेळू द्यावे. लहान मुलांचे पाय धावण्याउड्यांसाठीच मजबूत केलेले असतात. तुटला तर दुरुस्त होतो, आणि तुटणे हे मूल चांगले वापरत असल्याचे लक्षण आहे. वाकडी चाल मात्र दुर्लक्षू नये. बहुधा तिची वाढ झाली आहे आणि कृत्रिम पाय तेवढाच राहिला आहे. तिला सरळ उभी करून मागून कमरेच्या दोन्ही हाडांवर हात ठेवा. कृत्रिम पायाची बाजू खाली झुकलेली दिसली तर पाय आखूड पडला आहे. तंत्रज्ञ नळीची लांबी वाढवून देऊ शकतो. सॉकेट आवळत असेल तर नवे लागते, आणि या वयात ते साधारण दर वर्षी लागतेच. हाड मधूनच कापलेले असेल तर मुलांमध्ये त्याचे टोक वाढून कातडीला टोचू लागते, म्हणून टोकाशी दुखते म्हणाली तर पालकांनी अस्थितज्ज्ञाला दाखवावे. खर्चाची चिंता पालकांना असेल तर अपंगांना साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेविषयी त्यांना सांगावे. साधन पुन्हा मिळण्यासाठी मोठ्यांना तीन वर्षे थांबावे लागते, पण बारा वर्षांखालील मुलांना ही अट एकच वर्षाची आहे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयातून मिळते, आणि त्याची झेरॉक्स शाळेच्या दप्तरीही ठेवावी.